जोडीने गरवणं : कॅट्सकिलच्या नद्या, दोघी आणि एक रॉड

रानजाई

फ्लाय फिशिंग, म्हणजे गरीवर पिसं-लव बांधून केलेल्या नकली माशीने मासे पकडणं, हा एकट्याचा खेळ, असं सगळीकडे छापलेलं असतं. धुकं, नदी आणि मधोमध उभा एकच माणूस, हा फोटोही ठरलेला. प्रत्यक्षात यातली निम्मी कामं एकटीने होत नाहीत. आपली दोरी पाठीमागे कुठवर पडली ते आपल्याला दिसत नाही. गुडघ्यामागे चिकटलेली गोचीड दिसत नाही. आणि चाळीस फुटांवरची माशी प्रवाहात फरफटायला लागली, हे जिच्या हातात रॉड असतो तिलाच सगळ्यात शेवटी कळतं. या पाण्यावर बायकांची मैत्री जमते ती असली बारकी कामं एकमेकींसाठी करता करता, असं माझं मत.

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅट्सकिल डोंगरांतलं रोस्को गाव न्यू जर्सीहून साधारण दोन-अडीच तासांवर. बीव्हरकिल आणि विलोविमॉक या नद्यांचा संगम गावातच, जंक्शन पूलला. इकडे जोडीने यायचं ठरवणाऱ्यांसाठी हा धागा. नियम एकच : आठवणी आणि 'माझा पहिला मासा' दुसऱ्या धाग्यावर टाका, इथे फक्त कामाचं.

कोकणात गरवलेल्यांसाठी (म्हणजे गळ टाकून मासे धरलेल्यांसाठी) आधी मुख्य फरक. आपल्याकडे शिशाचं वजन गरीला घेऊन उडतं आणि दोरी मागून जाते. इथे माशीला वजनच नसतं, दोरीच फेकायची असते. ५ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरतात. रॉड वाकतो तो तेवढ्या वजनाने.

सामान : ९ फुटी, ५ वेटचा (म्हणजे ५ नंबरच्या दोरीचा), चार तुकड्यांचा रॉड. तरंगणारी 'वेट फॉरवर्ड' दोरी, तिच्यामागे रिळावर २० पौंडी बॅकिंग (राखीव दोरी). ९ फुटी ५ एक्सचा लीडर (दोरी आणि माशी यांच्यामधला निमुळता धागा; 'एक्स' हे जाडीचं माप), ४, ५ आणि ६ एक्सच्या टिपेटची (लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक धाग्याची) रिळं, चिमटा, धागा कापायचा निपर, माशी तरंगती ठेवणारं फ्लोटंट, रबरी जाळीचं नेट. हे सगळं दोघींत एक पुरतं. दोन लागतात त्या वस्तू अशा : वेडर्स (पाण्यात उभं राहायची, छातीपर्यंतची जलरोधक विजार), बूट, पोलराइज्ड चष्मा आणि परवाना. रॉड एकच असला आणि आळीपाळीने वापरला तरी १६ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकीकडे स्वतःचा न्यूयॉर्कचा परवाना हवा. 'मी नुसती धरून उभी होते' हे चालत नाही.

नदीकाठ

वेडर्सबद्दल सविस्तर लिहिते, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

पुरुषांचे 'स्मॉल' वेडर्स घेऊ नका. छातीला बसतात पण कमरेला अडकतात, आणि पाय मात्र इतके लांब की घोट्याशी चुण्या पडतात. त्या चुण्या बुटात घासून घासून तिथेच शिवण गळायला लागते. बायकांच्या मापाचे मिळतात ते घ्या. घालून बघताना आत जाड लोकरी मोजा आणि गरम लेगिंग घाला, मग एक पाय खुर्चीवर ठेवून बघा. गुडघ्यावर ताण आला तर एक माप मोठं. मोज्याच्या आकाराचा निओप्रीनचा भाग असतो तो पायाला सैल नको, बोटांपुढे घडी पडली की दोन तासांत पाय बधिर. बूट नेहमीपेक्षा एक नंबर मोठे.

तळ रबरी, खिळे बसवता येतील असा. नमद्याचा तळ शेवाळावर चांगली पकड देतो हे खरं, पण तो कित्येक दिवस ओला राहतो आणि डिडिमोसारखं शेवाळ एका नदीतून दुसरीत नेतो. इथल्याच एसोपस ओढ्यात ते सापडलेलं आहे.

आता जे दुकानात कोणी सांगत नाही ते. चार थर, वर पट्टे, आणि लघवीला जायचं. पुढे चेन असलेले वेडर्स पुरुषांच्या सोयीचे. बायकांसाठी पट्टे न काढता मागची बाजू खाली करता येते असे मिळतात, महाग असतात. साधे असतील तर जॅकेट वेडर्सच्या आत न घालता वरून घाला, म्हणजे जॅकेट काढलं की पट्टे हाताशी. एक आडोशाला गेली की दुसरीने रॉड आणि पाऊलवाट सांभाळायची. पाणी पिणं टाळू नका. बायका नेमकं तेच करतात आणि दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं.

टिपेट_पाच

पाण्यावर जायच्या आधी गवतावर किमान चार-पाच वेळा, दर वेळी वीस मिनिटं. त्याहून जास्त केलं तर मनगट दुखतं आणि चुकीची सवय पक्की होते. लीडरच्या टोकाला गरी नको, लाल लोकरीचा बोटभर तुकडा बांधा.

दुसरीने उभं राहायचं रॉडच्या हाताच्या बाजूला, काटकोनात, पंधरा-वीस फुटांवर. मागे कधीच नाही. तिने फक्त रॉडचं टोक बघायचं. दहा कास्ट (फेकी) झाले की अदलाबदल. आणि एका फेरीत एकच चूक सांगायची, ही अट पाळा. पाच चुका एकदम सांगितल्या की हात आखडतो, वर मैत्रीलाही बरं नाही.

बघायचं काय? पुढे रॉड दहाच्या काट्यावर थांबतो का आणि मागे एकच्या. 'थांबतो' हा शब्द महत्त्वाचा. थांबल्याशिवाय दोरीचा वेढा तयार होत नाही. मागे मनगट उघडून रॉड तीनवर गेला की दोरी पाठीमागच्या गवतात पडते. पुढचा झटका फार लवकर दिला की रॉडचं टोक खाली दबतं, वेढ्याची वरची बाजू खालच्या बाजूला छेद देते आणि लीडरला आपोआप गाठ पडते. तिला वाऱ्याची गाठ म्हणतात, वारा बिचारा निर्दोष असतो. ती गाठ तशीच ठेवली तर टिपेटची ताकद निम्म्यावर येते, म्हणून दर दहा मिनिटांनी लीडर बोटांतून ओढून बघा.

फ्लाय फिशिंग शिकवणाऱ्या जोन वुल्फ यांनी या हालचालीचे तुकडे पाडून नावं दिली : आधी सावकाश वेग घेणारी 'लोडिंग मूव्ह', शेवटी 'पॉवर स्नॅप'. हा स्नॅप किती? तवा तापलाय का बघायला पाण्याचे थेंब झटकतो, तेवढाच. खांद्याची ताकद लागत नाही, आणि ज्यांच्याकडे ती नाही त्या म्हणूनच लवकर शिकतात.

कोकणकन्या

वरच्यात भर : वेणी. मोकळी लांब वेणी असेल तर मागच्या कास्टला गरी हमखास तिच्यात. अंबाडा बांधून टोपीत घाला. ओढणी, सैल स्कार्फ नको. मंगळसूत्र वेडर्सच्या आत, बांगड्या गाडीत. डाव्या हाताने दोरी ओढताना ती अंगठीच्या खड्यात अडकते आणि नेमका तेव्हाच मासा लागलेला असतो.

आणि गरवायची सवय असलेल्यांना एक इशारा. टोचणी लागली की आपण रॉड खसकन वर घेतो. इथे ५ एक्सचा धागा ०.००६ इंच जाडीचा आहे (११ मधून एक्सचा आकडा वजा करा, तेवढे हजारांश इंच). खसकन घेतला की तुटलाच. रॉडचं टोक नुसतं उचलायचं.

इरसाल

माहिती उत्तम, पण माशाला काय कळतं काठावर बाई आहे की बुवा? बायकांचा वेगळा गट कशाला?

रानजाई

इरसाल, माशाला नाही कळत. क्लबांना कळत होतं.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या बायकांनी 'वुमन फ्लायफिशर्स क्लब' काढला, कारण पुरुषांच्या क्लबांमध्ये त्यांना सभासदत्व नव्हतं. ज्युलिया फेअरचाइल्ड पहिल्या अध्यक्ष. क्लब म्हणजे नुसता चहा नव्हे हो. इकडे चांगल्या पाण्याचे बरेच पट्टे खासगी, क्लब नसेल तर त्या पट्ट्यावर पायच ठेवता येत नाही.

जोन वुल्फ तर आपल्या शेजारच्या, १९२६ साली न्यू जर्सीतल्या पॅटरसनमध्ये जन्मलेल्या. १९५१ मध्ये त्यांनी लांब फेकीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, समोर सगळे पुरुष. १९६० मध्ये त्यांची फेक १६१ फुटांवर गेली. १९७९ मध्ये ल्यू बीचला, बीव्हरकिलच्या वरच्या अंगाला, पती ली वुल्फ यांच्यासोबत शाळा काढली.

आणि माश्या बांधणाऱ्या? रोस्कोच्या विनी डेट, लिव्हिंग्स्टन मॅनरच्या एल्सी डार्बी. नाव बहुधा नवरा-बायकोचं जोडीने घेतलं जातं, पण व्हाइसपुढे (गरी घट्ट धरणाऱ्या शिकंज्यापुढे) दिवसभर बसणारे हात त्यांचेही होते. त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, मेरी ऑर्व्हिस मारबरी यांनी अमेरिकाभरच्या मासेमाऱ्यांना पत्रं पाठवून कुठे कोणती माशी चालते याची माहिती गोळा केली आणि जाडजूड ग्रंथ काढला. तोवर एकाच माशीला गावागणिक वेगळं नाव होतं.

उगाच_एक

इतिहास मान्य, तरी थोडं विरोधात लिहितो. 'बायकांसाठी' म्हणून विकलं जाणारं बरंच सामान म्हणजे तोच रॉड गुलाबी रंगात आणि चाळीस डॉलर जास्त. फरक बघायचा तर कॉर्कच्या मुठीची जाडी बघा. हात लहान असेल तर बारीक मूठ. जाड मुठीला पंजा आवळून धरावं लागतं आणि अर्ध्या तासात अंगठ्याच्या मुळाशी कळ येते.

नदीकाठ

+१. रंगाला माझी हरकत नाही, चाळीस डॉलरला आहे.

वैद्यबाई

बायकांच्या वेगळ्या गटाचं एक ठोस उदाहरण इथे यायलाच हवं. 'कास्टिंग फॉर रिकव्हरी', १९९६ साली व्हर्मॉन्टमध्ये सुरू झालं. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांसाठी अडीच दिवसांचं मोफत शिबिर, एका वेळी साधारण चौदा जणी. कल्पना सोपी : शस्त्रक्रियेनंतर खांदा आणि काख आखडते, आणि कास्टची हालचाल त्या वेळी सांगितल्या जाणाऱ्या व्यायामांशी मिळतीजुळती असते. दुसरं म्हणजे तीच शस्त्रक्रिया झालेली बाई शेजारी उभी असते, त्यामुळे विषय काढावा लागत नाही.

तुमच्या जोडीत अशी कोणी असेल तर : आधी डॉक्टरांची परवानगी. रॉड हलका, ४ वेटचा चालेल. कोपर अंगाजवळ, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. दहा मिनिटं कास्ट, दहा मिनिटं विश्रांती. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूच्या हाताला उन्हाचा चटका, काटा, गरी, काहीच लागू नये म्हणून पूर्ण बाह्या आणि पातळ हातमोजे. हात जड वाटला किंवा सूज दिसली की त्या दिवशीचं थांबवा. गरी सोडवणं आणि मासा हाताळणं जोडीदारणीने करावं.

टिपेट_पाच

आता पाण्यावर 'दोघी, एक रॉड' कसं चालतं ते.

एक टाकते, दुसरी तिच्या खालच्या अंगाला, काठावर थोडी उंच उभी राहते. तिचं काम माशी बघणं. वेगवान पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतात तिथे फेसाची रेघ असते, ट्राउट मासा त्या रेघेखाली वाट बघत असतो. माशी त्या रेघेत पडली की तिच्या शेजारचा एक बुडबुडा पकडा आणि दोघांवर नजर ठेवा. बुडबुडा आणि माशी बरोबरीने चालले तर ठीक. माशी बुडबुड्याला मागे टाकायला लागली, किंवा तो तिला सोडून पुढे गेला, की ओढ लागली. कधी माशीमागे केसाएवढा इंग्रजी व्ही उमटतो. टाकणारीला तेवढं बारीक दिसत नाही. ट्राउटला दिसतं, आणि तो तोंड फिरवतो.

काठावरून फक्त 'वर' म्हणायचं. 'वर' म्हणजे रॉडच्या टोकाने पाण्यावरच्या दोरीचा पोट सुटलेला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या दिशेला टाकायचा. याला मेंड म्हणतात, ती माशी पडल्या पडल्या करायची. दोरी ताणल्यावर केली तर माशीच उडी मारते. तरी ओढ राहिली तर टिपेट दोन फुटांवरून चार फूट करा. टिपेट जोडायला डबल सर्जन्स गाठ, माशीला क्लिंच, पाच वेढे. आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापते. माशी गेली आणि टिपेटचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं राहिलं तर गाठ सुटली होती. टोक सरळ असेल तर दोष धाग्याचा किंवा झटक्याचा.

रॉड कधी द्यायचा? मासा लागला, मासा हुकला किंवा वीस मिनिटं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा. झाडात माशी अडकवली तर लगेच.

मासा आला की नेटवाली खालच्या अंगाला. नेट पाण्याखाली स्थिर धरायचं आणि मासा डोक्याच्या बाजूने त्यावर ओढून आणायचा. माशाच्या मागे नेट मारत सुटलं की तो शेवटचा जोर लावतो, हमखास तेव्हाच सुटतो. हात आधी ओले करा. फोटो हवा तर हातात धरणारीने श्वास रोखायचा, श्वास संपायच्या आत मासा परत पाण्यात.

पाणवठा

फोटोवरून : जुलै-ऑगस्टमध्ये थर्मामीटर न्या. पाणी ६८ अंश फॅरनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस झालं की थांबा. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, सोडलेला ट्राउट पोहत जातो आणि तासाभराने मरतो. तेव्हा डेलावेअरच्या पूर्व किंवा पश्चिम शाखेवर जा. पेपॅक्टन आणि कॅनन्सव्हिल धरणांच्या तळातून थंड पाणी सुटतं.

न्यूयॉर्कच्या ओढ्या-नद्यांवर ट्राउट आता वर्षभर खुला आहे, पण १६ ऑक्टोबर ते ३१ मार्च फक्त पकडा आणि सोडा, तेही कृत्रिम आमिषाने. बीव्हरकिल-विलोविमॉकवर 'नो किल' पट्टे आहेत, तिथे बारमाही सोडायचाच. झाडावरच्या पाट्या वाचा.

नदीकाठ

नदी ओलांडणं. निघण्याआधी कुक्स फॉल्सच्या प्रवाहमापकाचा आकडा बघा, यूएसजीएस या सरकारी भूगर्भ संस्थेच्या साइटवर असतो. सेकंदाला १००० घनफुटांवर असेल तर पाण्यात उतरायचा विचार सोडा, काठावरून टाका.

दोघींपैकी वजनाने जास्त असेल ती प्रवाहाच्या वरच्या बाजूला (इथे लाजायचं कारण नाही, हा मान आहे). दुसरी तिच्या खालच्या अंगाला, तिने फोडलेल्या पाण्यात. एकमेकींच्या वेडर्सचा खांद्याचा पट्टा घट्ट धरा, हात नको, ओला हात सटकतो. एका वेळी एकीनेच पाऊल टाकायचं, आणि ते रोवल्यावर 'हं' म्हणायचं. सरळ आडवं न जाता थोडं तिरकं, खालच्या दिशेला. कमरेचा पट्टा आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर वेडर्समध्ये पाणी भरतं. पडलातच तर पाठीवर, पाय प्रवाहाच्या दिशेला.

पाणवठा

गरी बोटात गेली तर. मुळात गरीच्या टोकाचा उलटा काटा चिमट्याने दाबून ठेवलेला असेल तर गरी आली त्या वाटेने निघते. काटा आत असेल तर दोन फूट जाड नायलॉन गरीच्या वाकाला घाला, दुसऱ्या हाताच्या बोटाने गरीचा डोळा त्वचेकडे दाबून धरा, आणि नायलॉन त्वचेला समांतर एका झटक्यात ओढा. हे स्वतःचं स्वतः करता येत नाही, एक हात अडकलेला असतो. गरी आपल्या डोळ्याजवळ लागली असेल तर हात लावू नका, दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं आहे ना, हे आधीच एकमेकींना विचारून ठेवा.

गोचीड : कॅट्सकिलमध्ये लाइम रोग आहे. आदल्या दिवशी कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) मारून वाळवा, अंगाला लावायचं नाही. परत आल्यावर गाडीपाशीच तपासणी : गुडघ्यामागे, कानामागे, मानेवरच्या केसांत, ब्राच्या पट्ट्याखाली. खसखशीएवढी असू शकते. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडेपेटी, रॉकेल काही नको.

पुणेरी_पाहुणी

हेच सामान घेऊन हिमाचलला गेलं तर चालेल का? आणि महाराष्ट्रात?

कोकणकन्या

तीर्थन नदीत ब्राउन ट्राउट आहे, हाच ५ वेटचा रॉड चालतो. मत्स्य विभागाचा परवाना लागतो, १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी. महाराष्ट्रात ट्राउट नाही. महसीरचं बीज लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात बऱ्याच वर्षांपासून तयार होतं, पण महसीरला ५ वेट पुरत नाही, ८ लागतो.

पुणेरी_पाहुणी

धन्यवाद. रोस्कोला एप्रिलअखेर येणार आहोत, दोघीच. कोणती माशी घेऊ? बांधायचीही इच्छा आहे.

रानजाई

एप्रिलअखेर म्हणजे हेन्ड्रिक्सन. रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ च्या सुमारास रोस्कोजवळच बांधलेली माशी. १४ नंबरची गरी. शेपूट गरीच्या दांड्याएवढं, पंख वुडडक बदकाच्या पिसाचे, तेही दांड्याएवढे उंच, अंगाला कोल्ह्याच्या पोटाची गुलाबीसर लव, वर राखाडी हॅकल (कोंबड्याच्या मानेचं पीस). सुरुवातीला सगळ्यांचं बिघडतं ते एकाच जागी : पुढे गरीच्या डोळ्यापाशी जागा उरत नाही, हॅकल डोळ्यावर चढतं आणि मग टिपेट ओवता येत नाही. पंख बांधतानाच डोळ्यामागे एका डोळ्याएवढी जागा सोडा. व्हाइस एकच असला तरी चालेल. एकीने बांधावं, दुसरीने पुढचं पीस मापून, देठाची लव काढून हातात द्यावं. वेग दुप्पट होतो.

ही माशी ज्या किड्याची नक्कल आहे तो दुपारी दोन ते चारच्या सुमारास पाण्यातून निघतो, पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की. पहाटे पाचला उठून यायची काहीही गरज नाही. जेवून या.